चुकीची तारीख

सात वेढे, गाठ. आठ वेढे, गाठ. चर्चच्या मागच्या खोलीत बसून ती पाळकांच्या नव्या शालीला गोंडे बांधत होती. शेजारी तिची लेक यहुदी रीतींचं पुस्तक उघडून बसली होती. "आता अकरा, आई," असं लेक म्हणेपर्यंत आईचे अकरा झालेले असायचे.

मंडळीला सध्या आपल्या श्रद्धेची यहुदी मुळं शोधायचं वेड लागलं होतं. प्रभू यहुदी घरात जन्मला, हे जणू सगळ्यांना परवाच कळलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागत होते. पाळक यहुद्यांसारखी शाल पांघरून प्रार्थना म्हणणार होते. त्यात घरच्या घरी एक अस्सल यहुदी बाई सापडली, मग काय विचारता! चाळीस वर्षांपूर्वी बाप्तिस्मा देताना याच मंडळीने तिला मागचं सगळं विसरायला सांगितलं होतं. आता तीच मंडळी 'आठवा, आठवा' म्हणून हात धुऊन तिच्या मागे लागली होती.

तिला काहीच वाटत नव्हतं. ना राग, ना आनंद. ती लग्न करून ख्रिस्ती झाली, त्या दिवशी तिच्या वडिलांनी अंगातला सदरा फाडला आणि लेक मेल्यासारखे सात दिवस जमिनीवर बसून राहिले. पुढे तिने पाठवलेलं एकेक पत्र न फोडता परत आलं. त्यांच्या लेखी ती मेली होती, आणि मेलेल्या माणसाने कशाचं काय वाटून घ्यायचं? एवढी एकच आशा काही केल्या मरत नव्हती, की बाबा आहेत तोवर कधीतरी हाक मारतील.

दार ढकलून एक माणूस आत आला. केस पिकलेले, दाढी वाढलेली, सदरा गळ्यापाशी फाटलेला. तिने घर सोडलं तेव्हा धाकटा भाऊ बारा वर्षांचा होता, तरी डोळ्यांवरून तिने त्याला ओळखलं. सदऱ्याकडे बघून उरलेलंही कळलं.

"कधी?"

"आठवडा झाला, ताई. सात दिवस घराबाहेर पडता येत नाही. आज उठलो तो थेट इकडे आलो. सदरा बदलायचंही सुचलं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि तिने पुढचा दोरा उचलला. तेरा वेढे. बोटांना दोरा लागत होता, बाकी काही नाही. आता हाक मारायला कोणी उरलं नव्हतं. रडू येईल म्हणून ती क्षणभर थांबली. आलं नाही. मग तिने गाठ आवळली.

लेक मात्र गडबडून गेली. मामाला ती जन्मात पहिल्यांदाच बघत होती. तिने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि बोलायला काही सुचेना तेव्हा शिकलेला धडाच म्हणायला लागली.

"मामा, आजोबांसाठी आम्हीपण दिवा लावू. दर वर्षी, ते वारले त्या तारखेला. असंच असतं ना?"

"असंच असतं बाळा." मग तो बहिणीकडे वळला. "बाबा तुझ्यासाठी लावायचे. चाळीस वर्षं. एकही वर्ष चुकवलं नाही."

लेकीचा चेहरा पडला. आईचे हात चालूच होते.

"लावणारच," ती म्हणाली. "मेलेल्यांसाठीच असतो तो. माझ्या लग्नाच्या तारखेला ना?"

"नाही. तुझ्या वाढदिवसाला."

तिचे हात थांबले.

"मोठा झाल्यावर मी त्यांना एकदा बोललो," भाऊ म्हणाला. "म्हटलं, बाबा, तारीख चुकतेय. हा दिवा माणूस मेल्याच्या तारखेला लावतात. तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, 'ती मेल्याचं मला अजून कुणी कळवलेलं नाही. जन्मली ती तारीख मात्र पक्की ठाऊक आहे, मी दाराबाहेर उभा होतो.'"