बाबांना थँक यू

फ्रिजमधला बर्फ खडखडत ट्रेमध्ये पडला आणि शिवांगी दचकली. कानाला लावलेल्या फोनवर मघापासून कुणी बोलतच नव्हतं.

"काका? आहात ना?"

"आहे, आहे." मनोहरकाका नागपूरहून बोलत होते. त्यांचा मुलगा अनय इथे परदेशी कॉलेजात तिचा विद्यार्थी होता. अडीअडचणीला असावा म्हणून त्यांनी ओळखीतून तिचा नंबर घेऊन ठेवला होता. आज पहिल्यांदाच लावला. "मॅडम, मघाशी पोराचा फोन आला. म्हणतो, बाबा, थँक यू, तुम्ही माझ्यासाठी खूप केलं. आता तुम्हीच सांगा, आपल्यात पोरगा बापाला असं म्हणतो का? मी विचारलं, जेवलास का? तर फोनच ठेवून दिला त्यानं. तेव्हापासून बंद आहे. त्याची आई देवापुढून उठत नाही."

शिवांगीला हायसं वाटलं. "अहो काका, तो गृहपाठ आहे! मीच दिलाय."

तिच्या वर्गात सतरा देशांची मुलं. मनातलं कसं बोलावं, दुसऱ्याचं कसं समजून घ्यावं, हे ती शिकवायची. ज्यांना आजवर कधी थँक यू म्हणाला नाहीत त्यांना या वीकेंडला म्हणा, आणि त्यांना काय वाटलं ते सोमवारी सांगा, असं तिने सांगितलं होतं. मुलांना कल्पना फार आवडली होती.

काका हसले नाहीत.

"गृहपाठ असेल. पण मॅडम, आवाज गृहपाठाचा नव्हता."

तिने अनयला फोन लावला. थेट व्हॉइसमेल. पुन्हा लावला. तेच.

तिला गुरुवारचा वर्ग आठवला. अनय मागे भिंतीला टेकून बसला होता, डोळे सुजलेले. "यू ओके?" तिने जाता जाता विचारलं होतं. "ऑल गुड, मॅम." आणि ती पुढच्या बाकाकडे वळली होती.

तिने नाइट-ड्रेसमधल्या छोट्या लेकीला, इलाला, तसंच उचलून कारसीटमध्ये बसवलं.

"मम्मा, व्हेअर आर वी गोइंग?"

"अनयदादाकडे."

"सो फास्ट का?"

शिवांगीने गाडी सुरू केली. तिचं कॅरी ते अनयचं मॉरिसव्हिल, रोजचा रस्ता; एकदा त्याला सोडलं होतं, म्हणून घर माहीत होतं. आज प्रत्येक सिग्नल लाल.

अपार्टमेंटचा जिना इलाला कडेवर घेऊन ती धावतच चढली. दार वाजवलं. आत शांतता. तळहाताने बडवलं. "अनय! दार उघड!"

कडी सरकली. अंगाभोवती ब्लँकेट, रडून लाल झालेलं नाक. पण उभा होता. समोर उभा होता.

"मॅम? तुम्ही इथे?"

"फोन का बंद आहे तुझा?"

"मुद्दाम केला." तो खाली बघत राहिला. "आठवडाभर हिंमत गोळा करत होतो. एवढं सगळं बोललो मी, आणि बाबा म्हणतात, जेवलास का. त्यांना काही वाटतच नाही, मॅम. आय मीन, काहीच नाही."

यावर एक अख्खं लेक्चर तिच्याकडे तयार होतं. तिने ते दिलं नाही. तिने नागपूरला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन त्याच्यापुढे धरला.

"काका, अनय आहे. ठीक आहे."

"गधड्या!" सगळा जिना दणाणला. "इकडे आईच्या पोटात अन्नाचा कण नाही! पुन्हा मला थँक यू म्हणून बघ, तिकडे येऊन तंगडं मोडून हातात देईन! नालायक कुठला! फोन बंद करतो? बापाला..."

पुढचा शब्द फुटलाच नाही. नुसता श्वास ऐकू येत राहिला.

अनय उंबऱ्यातच खाली बसला. रडत होता, हसतही होता. "हो बाबा. नाही बाबा. परत नाही म्हणणार बाबा."

परतताना शिवांगीने गाडी सावकाश चालवली. तिने आरशातून मागे बघितलं. "थँक यू, पिल्लू. किती शहाण्यासारखी थांबलीस. आय ॲम सो प्राउड ऑफ यू."

इला खिडकीबाहेर बघत होती.

"मम्मा, दादाच्या बाबांना तो खूऽप आवडतो ना?"

"हो गं. खूप."

"मग तू माझ्यावर असं कधीच का नाही ओरडत?"