चवीत फरक नको

“तेल नको. आधी मिरच्या कोरड्याच भाज,” रुइलान म्हणाली.

चुनश्यांगने तेलाची बाटली खाली ठेवली. तिरप्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या तापल्या कढईत पडल्या आणि दोघींना एकदमच ठसका लागला. रुइलान स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसली होती. डोक्याला लोकरीची टोपी. सहा महिन्यांच्या औषधांनी केस गेले होते, कढई उचलायची ताकदही गेली होती. म्हणून सासूने आपल्या गावची ही विधवा मदतीला आणून ठेवली होती. कामाला वाघ आणि बोलायला मऊ.

“मिरच्या काढून घे. आता चरबीचे काप टाक. तेल सुटू दे त्यांना.”

“किती वेळ, ताई?”

“घड्याळात काय बघतेस? कढईत बघ. कडा लाल झाल्या की लसूण, मग बाकीचं मांस. आच मोठीच ठेव. घाबरलीस की मांस चिवट होतं.”

बाहेरच्या खोलीतून सासू ओरडली, “नीट दाखव गं तिला! अगदी तुझ्यासारखं जमलं पाहिजे. ज्येनफिंगला दुसरी चव चालत नाही.”

“दाखवतेय, आई.”

रुइलानला हसू आलं. चौदा वर्षांत तिच्या हातच्या डुकराच्या मांसाला सासूने कधी बरं म्हटलं नव्हतं. आज तेवढ्यानेही तिला भरून आलं. आज तिला सगळंच गोड लागत होतं. दुपारी ती एकटीच हॉस्पिटलात जाऊन आली होती. नवऱ्याची, ज्येनफिंगची, बसवर ड्यूटी होती आणि सासूचे गुडघे धरले होते. डॉक्टरांनी कागद दोनदा उलटून पाहिला आणि ते चक्क हसले. मग ती जिन्यात बसून पोटभर रडली. येताना बाजारातून तिने चांगलं मांस घेतलं. घरी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. सगळे जेवायला बसले की सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

सोया सॉस कढईच्या कडेने पडला, मिरच्या परत आत गेल्या. दहा मिनिटांत ताटली टेबलावर आली.

साडेसहाला ज्येनफिंग आला. हात धुऊन बसला. भातावर दोन काप घेऊन त्याने घास खाल्ला. मग दुसरा.

“रुइलानचीच चव,” तो चुनश्यांगला म्हणाला.

चुनश्यांग लाजली. “ताईंनीच शिकवलं.”

“सुटले बाई,” सासू म्हणाली. “आता मला घोर नाही.”

रुइलानने खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. “मी बरी झाले. गाठ राहिली नाही म्हणाले. आता वर्षातून एकदाच दाखवायला जायचं.”

ज्येनफिंगने कागद उचलला, वाचला, पुन्हा घडी घातली.

“दुसरीकडे एकदा दाखवू,” तो म्हणाला. “रिपोर्ट चुकतातही.”

“चुकला नाहीये रे. दोनदा तपासलाय त्यांनी.” आनंद मानायलाही घाबरतोय बिचारा, असं तिला वाटलं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने आपला हात हळूच काढून घेतला.

चुनश्यांग उठून आत गेली. नळ सुरू झाला. पाण्याच्या आवाजातही तिचं रडणं ऐकू येत होतं.

“हिला काय झालं?” रुइलानने विचारलं.

सासूने सुनेकडे पाहिलंच नाही. ती मुलाला म्हणाली, “तरी मी तुला सांगत होते, घाई करू नकोस. आता कुठे जाईल ती? तुझ्या शब्दावर इथे नांदायला यायचं म्हणून गावातलं घर विकून बसलीय.”