जवारीची किल्ली

"मॅडम, आमचा रोबोट दर तिसऱ्या घासणीनंतर दाढी खाजवतो. त्याला दाढीच नाहीये!"

मोबाइल बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचं फोनवरचं हे गाऱ्हाणं ऐकून रुकसाना शिकलगार खळखळून हसली. मिरजेच्या त्यांच्या दुकानात तिचे अब्बा तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. म्हणजे तार गुंजेपर्यंत तिच्याखालची घोडी हलक्या हाताने घासायची. त्यांचा तो हात रुकसानाने एका ॲपमध्ये उतरवला होता. ॲपला जोडलेला हातमोजा घातला की घरी सराव करणाऱ्या शिष्याची बोटंही अब्बांसारखी चालत.

कंपनीने ॲप फोडून तो हात चोरला आणि आपल्या रोबोटला दिला. पण रुकसानाने कोडमधल्या खऱ्या हालचालींत चौदा हजार खोट्या मिसळून ठेवल्या होत्या. त्यांतून खऱ्या वेगळ्या काढणारी किल्ली तीन महिने अब्बांपुढे बसलेल्या शिष्यालाच मिळे.

"किल्ली द्या, नाहीतर तुमचं ॲप उद्यापासून आमच्या एकाही फोनवर चालणार नाही," अधिकारी म्हणाला.

"खुशाल बंद करा," रुकसाना म्हणाली. "आणि किल्लीच हवी असेल तर रोबोटला इकडे पाठवा. बसू दे तीन महिने अब्बांपुढे. पहिला महिना मात्र नुसतं दुकान झाडायचं असतं, एवढं त्याला सांगून ठेवा."