दहा नंबरचा हात

"हेही नकोत," असं म्हणत बायकोने नवऱ्याच्या हातातून सहाव्या जोडातला हातमोजा ओढून काढला.

दुकानदाराने दात आवळले. काउंटरवर मोज्यांचा ढीग पडला होता. ही दोघं अकराला आली होती, आता एक वाजत आला होता.

"वहिनी, घालायचेत त्यांना. ते म्हणतायत छान आहेत."

"ते सगळ्यालाच छान म्हणतात."

"मग नशीबवान आहात की!"

नवरा खो खो हसला. बायको हसली नाही.

नवरा गेल्याच महिन्यात निवृत्त झाला होता. उद्या पहाटे चार मित्रांबरोबर मोटरसायकलवर निघायचं, आठ दिवस डोंगरातून भटकायचं, असा बेत होता. तीस वर्षं याच बेतावर त्याने नोकरी रेटली होती. बायकोने एकच अट घातली होती: हातमोजे माझ्यासमोर घ्यायचे. मला पटले तर जायचं, नाहीतर घरी बसायचं.

अशी गिऱ्हाइकं दुकानदाराच्या डोक्यात जायची. गाडी चालवणार एक आणि नाक मुरडणार दुसरंच. तरी त्याने सातवा जोड काढला. सवयच होती ती. चुकीचे मोजे घालून तो कुणाला दुकानाबाहेर पडू द्यायचा नाही.

"हे बघा. बोटांच्या गाठींवर कडक कवच. तळव्याला दुहेरी चामडं, पडलात तर हात सोलवटणार नाही. शिवण सगळी बाहेरून, दिवसभर घातले तरी काचणार नाहीत. लांबच्या प्रवासाला याहून चांगले नाहीत."

नवऱ्याने मोजे घातले आणि काउंटरला ठोकलेलं जुनं हँडल पकडलं. ते दुकानदाराने खास यासाठीच बसवलं होतं. नवऱ्याने क्लच दोनदा दाबला.

"एकदम झकास. बांधा."

"काढा," बायको म्हणाली.

तिने मोजा काढला. मग त्याचा हात उलटासुलटा करून, एकेक बोट उजेडात धरून पाहिलं. वधूपरीक्षाच चालली होती जणू. शेवटी मान हलवली.

"अगं, आता काय झालं? मी सांगतोय ना, बरे आहेत!"

"तुमचं ऐकलंय मी."

मामला थंड व्हावा म्हणून दुकानदाराने किटलीतून चहा ओतला आणि साखरेचा डबा उघडला.

"त्यांच्यात साखर नको," बायको म्हणाली.

चहा उकळता होता. दुकानदाराने पेला काठाला धरून कसाबसा पुढे केला आणि बोटांवर फुंकर मारली. नवऱ्याने तो मुठीत घेतला आणि मागच्या पावसाळ्यात मित्राची गाडी कशी घसरली ते रंगवून सांगू लागला.

तेवढ्यात बायकोने मांडणीवरून स्वतःच एक जोड उचलला.

"वहिनी, तो आठ नंबर आहे. साहेबांचा हात दहाचा."

"घालून तर बघू दे."

दुकानदाराने कपाळावर हात मारला. दोघांनी मिळून ओढून ताणून तो मोजा चढवला. बोटं अर्धी वळेनात.

"कसा वाटतोय?" बायकोने विचारलं.

"मस्त. फिट्ट बसलाय."

मोजा निघाला तेव्हा बोटं जांभळी पडली होती. दुकानदाराला हसू आवरेना. सासुरवाडीला आलेला जावई करपलेली भाजीसुद्धा छान म्हणून गिळतो, तशी या माणसाची गत होती. बिचाऱ्याला फक्त सुटायचं होतं. आता मात्र दुकानदाराला राहवलं नाही.

"वहिनी, रागावू नका, पण स्पष्ट सांगतो. ग्लोव्हज बसले की नाही हे हाताला विचारायचं असतं, बायकोला नाही. माणूस आयुष्यभर राबलाय. आठ दिवस जाऊ द्या की त्याला!"

"शाब्बास!" नवरा म्हणाला. "हे घरी येऊन सांगा."

बायकोने दुकानदाराकडे पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"हातालाच विचारतेय मी," ती म्हणाली. "मघाचा सातवा जोड द्या. एकदा शेवटचं बघते."

हुश्श! दुकानदाराने जोड पुढे सरकवला. ती पाठ करून उजेडाकडे वळली. उजवा मोजा पर्सवर ठेवून बराच वेळ आतून बाहेरून चाचपत राहिली. दुकानदाराने खोकं उघडून ठेवलं.

"घ्या. घाला."

नवऱ्याने मोजे घातले. हँडल पकडलं आणि उजव्या हाताने पुढचा ब्रेक कचकन दाबला. एकदा, दोनदा, तीनदा.

"टोचत नाहीत ना कुठे?" तिने विचारलं.

"अगं, लोण्यासारखे आहेत! हेच घ्यायचे. संपला विषय."

"ऐकलंत वहिनी?" दुकानदार म्हणाला. "आता तरी बांधू ना?"

या वेळी तिने मोजा ओढला नाही, अलगद उतरवला. मग तो उलटा केला, त्याच्या मधल्या बोटात आपण खोचलेली टाचणी काढून घेतली आणि गप्पांत रंगलेल्या नवऱ्याच्या बोटावरचं रक्त पदराने टिपू लागली.