रायीतली मोळी

लेनानं डोक्यावरची मोळी अंगणात टाकली आणि घाम पुसत हसली. मंजुळा उठली ती शाबासकी द्यायलाच. चार पावलं गेली आणि थबकली. मोळी गारंबीच्या वेलानं बांधली होती, आणि वर दीड हात लांब गारंबीची शेंग खोचलेली. अख्ख्या खोऱ्यात गारंबी एकाच ठिकाणी होती. भैरी देवाच्या रायीत.

"खूप लाकूड हाय तिथं," लेना म्हणाली. तिचं मराठी सगळं मंजुळेकडून उचललेलं. "सगळं सुकं. हिरवं नाय तोडलं. कोण नेत नाय."

कोण नेईल? रायीत गळून पडलेली काटकीसुद्धा देवाची. तिथून दात कोरायला काडी उचलायची कुणाची छाती नव्हती. वाडीतल्या बाया लाकडासाठी तास-तासभर डोंगर चढायच्या, त्या काय हौसेनं? मंजुळेनं तिला चुंबळ करायला शिकवलं होतं, सुकं ओळखायला शिकवलं होतं. रायीचं तेवढं सांगायचं राहून गेलं. इथं जन्मलेल्या पोराला हे कधी कुणी सांगत नाही, मग सुचणार कसं?

लेना आणि तिचा नवरा टोबियास ऑस्ट्रियाहून आलेले, महिनाच झाला होता. तो कशेडी घाटात दोरीला लोंबकळत कड्याला जाळ्या मारायचा, दगड खालच्या रस्त्यावर येऊ नयेत म्हणून. कंपनीनं महाडात दिलेला फ्लॅट सोडून दोघं कापड्याच्या या वरच्या वाडीत, मंजुळेच्या पडवीत राहायला आली. लेनानं हट्टानं आपली वेगळी चूल मांडली. पहिली भाकरी कोळसा झाली, ती दोघांनी मिटक्या मारत खाल्ली. मंजुळेचा तेव्हापासून जीव जडला होता.

मोळी झाकायला गोणपाट आणावं म्हणून मंजुळा वळली, तर शेजारचा पांडू अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभा.

"वयनी, ही गारंबी कुठली?"

अर्ध्या तासात वाडी अंगणात गोळा झाली. वाडी ती केवढी, चौदा घरं, त्यातल्या सहांना कुलूप, माणसं मुंबईला. पण देवापुढं गाऱ्हाणं घालताना म्हातारा कुशाबा 'चौदा घरांची वाडी' असंच म्हणायचा, आणि जमलेली माणसं प्रत्येक बोलाला "व्हय म्हाराजा" म्हणायची. माणसांनी होकार दिला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं सगळे मानत.

टोबियास कामावरून आला तो थेट या गर्दीत. त्याला कुणीतरी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "आम्ही परत ठेवतो," तो हात जोडून म्हणाला.

"ठिवून भागत नाय," पांडू म्हणाला. "गाऱ्हाणं घालावं लागतं. आन ते वाडीच्या घराचंच घालतात. भायेरच्या माणसानं शीव सोडायची. आजच."

त्यातलं 'आजच' टोबियासला नीट कळलं. तो मुकाट्यानं पडवीत गेला आणि बॅग काढली. लेना जागची हलली नाही. मोळीतून उपसलेली शेंग हातात होती, ती आता कुठं ठेवायची हेसुद्धा तिला कळेना.

"आबा, माझ्या घराच्या नावानं घाला," मंजुळा म्हणाली.

कुशाबानं मान वर केली. "मग दोष तुझ्या घरावर येईल, मंजुळे. तुझा पोरगा ओम ट्रक घेऊन रोज कशेडी उतरतो."

देवाला मंजुळा भीत नव्हती असं थोडंच होतं? तिनं पडवीकडं पाहिलं. टोबियास बॅगेत कपडे कोंबत होता. दोरीनं सोलवटलेले त्याचे हात दारातूनही दिसत होते. ओमचा ट्रक ज्या कड्याखालून जायचा, त्याच कड्याला हा माणूस दिवसभर टांगलेला असायचा.

"घाला, आबा," ती म्हणाली.

कुशाबानं विचारलं, "ह्यांची चूल वेगळी हाय काय?"

"हाय."

"पेटवतात?"

"रोज."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. मोळी त्यानं लेनाच्याच डोक्यावर द्यायला लावली.

रायीच्या तोंडाशी सगळ्यांनी चपला काढल्या. बघून बघून त्या दोघांनीही बूट काढले. लेनानं लाकडं उचलली होती तिथंच ठेवली, वर ती शेंग ठेवली. कुशाबानं देवापुढं नारळ ठेवला. मंजुळेनं डोळे गच्च मिटून घेतले. आता आपल्या घराचं नाव येणार, ओमचं येणार, असं मनात म्हणत ती पदर मुठीत आवळून उभी राहिली.

"बा भैरी म्हाराजा," कुशाबानं सुरुवात केली, "ही पंधरा घरांची वाडी आज तुझ्या पायाशी आली हाय..."

मंजुळेनं डोळे उघडले.

कुशाबा थांबला होता. होकारासाठी. कुणीच बोलेना. माणसं एकमेकांकडं बघू लागली. पांडू बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत होता, एकेक घर मोजत, कुलपांसकट. चौदावर त्याचा अंगठा अडला. त्यानं लेनाकडं पाहिलं. डोक्यावरची चुंबळ काढायची ती विसरून गेली होती.

पांडूनं अंगठा पुढच्या पेरावर सरकवला आणि घसा खाकरला.

"व्हय म्हाराजा."