सेइजुनकाका घरी येतात

"तुम्ही माणसं नाही, दगड आहात दगड! लढाईला ओढून नेताना आमच्या काकांचं नाव, गाव, घर सगळं बरोबर सापडलं तुम्हाला. आणि परत द्यायची वेळ आली की हात वर करता?"

नाहा शहरातल्या त्या सरकारी कचेरीत मोरिओ तामानाहा दर वर्षी हेच ऐकवून यायचा. खिडकीमागचा माणूस बदलायचा. उत्तर बदलायचं नाही. शोध चालू आहे. जणू काका नव्हे, छत्री हरवली होती.

आणि या सोमवारी कचेरीचाच फोन आला. उएझु नावाच्या बाई होत्या. "दक्षिणेच्या टेकडीतल्या गुहेत हाडं मिळाली होती ना, ती तुमच्या घराशी जुळली. उद्या या. घरच्यांनाही आणा."

पंच्याहत्तरीचा मोरिओ तसाच बाहेर धावला. धाकटी बहीण युकिए शेजारच्याच घरात राहायची. ती अंगणात कारल्याच्या वेलाला पाणी घालत होती.

"सापडले! अगं, काका सापडले!"

"दादा, चप्पल तरी घाल!" असं म्हणता म्हणता युकिए रडायला लागली, आणि रडता रडता हसायला.

दोघांनीही सेइजुनकाकांना कधी पाहिलं नव्हतं. महायुद्धाच्या शेवटी, मोरिओ पाळण्यात होता तेव्हा सैन्याने वडिलांना आणि काकांना एकाच दिवशी उचललं. दोघे भाऊ एकाच गुहेत होते. लढाई संपल्यावर वडील एकटेच परत आले, आणि मग युकिएचा जन्म झाला. गावची दप्तरं तर लढाईत जळून गेली होती. मागाहून जो जे सांगेल ते कचेरीने नव्याने लिहून घेतलं. लढाई यांनी करायची, आणि पुरावे आम्ही द्यायचे!

मोरिओला खरी टोचणी वेगळीच होती. एका देव्हाऱ्यात दोन सख्ख्या भावांच्या नावाच्या पाट्या ठेवायच्या नाहीत, ही तिथली रीत. देव्हारा थोरल्याचा, म्हणजे वडिलांचा. काकांना ना बायको, ना पोर. त्यामुळे त्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही, आणि उदबत्ती लावायलाही कोणी नाही. निदान घराण्याच्या थडग्यात तरी त्यांना आणायचं, एवढंच मोरिओला हवं होतं. वडिलांनी मरताना मागितलं होतं तेही हेच. "त्याला घरी आण. थडग्यात आधी त्याला जागा दे, मग मला."

धाकट्या भावाला पहिली जागा! तापात बडबडले असतील, असं सगळे म्हणाले.

त्या संध्याकाळी घरात सणच होता. युकिएने डुकराचं मांस गुळात शिजवलं, समुद्रशेवाळाच्या गाठी केल्या. मोरिओने वडिलांच्या वेळची आवामोरी दारूची बाटली उघडली.

"हाडांशी नातं जुळवून बघायला आपण दोघांनी लाळ दिली म्हणून जमलं," युकिए म्हणाली. "नाहीतर आई काय म्हणत होती आठवतंय? युकिएचीच द्या, मोरिओची नको! आयुष्यात पहिल्यांदा आईने मला पुढे केलं, आणि ते कशासाठी? थुंकण्यासाठी!"

"घराण्याचं काम आहे. थोरला मुलगा असताना तू एकटी कशी पुढे होशील?" मोरिओ छाती काढून म्हणाला. "मी कचेरीत निक्षून सांगितलं, आधी माझी घ्या."

"हो रे बाबा, थोरल्याची थुंकीसुद्धा थोरली!"

सगळे खो खो हसले. चौऱ्याण्णव वर्षांची आई तेवढी हसली नाही. तिच्या वाडग्यातला भात तसाच होता.

"उद्या मी येणार," ती म्हणाली.

सकाळी ती दाराशी उभी राहिली तेव्हा दोघे बघतच राहिले. अंगावर केळीच्या धाग्याचा जुना किमोनो, पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला. केसांना तेल.

"आई, दिराला भेटायला चाललीस की लग्नाला?" युकिएने चिडवलं.

"गाडी काढ," आई म्हणाली.

कचेरीत आज खिडकी नव्हती. आतली खोली, चहा, आणि टेबलावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी. मोरिओने उएझुबाईंना वाकून नमस्कार केला.

"आजवर फार बोललो तुम्हाला. पोटात घ्या."

बाई हसल्या नाहीत. "तामानाहा-सान, आधी एक विचारते. तुम्ही दोघं सख्खी भावंडंच ना?"

"नाकं बघा की!" युकिए म्हणाली. "सारखीच चपटी."

"तपासणी आम्ही पुन्हा करून घेतली. चूक नाही. हाडं एकाच माणसाची आहेत." बाईंनी युकिएकडे पाहिलं. "ताई, हे तुमचे सख्खे काका."

मोरिओने टेबलावर थाप मारली. "बघा! मी काय सांगत होतो? चला, द्या आमचे काका आम्हाला!"

"तुमचे नाहीत."

"म्हणजे? तिचे काका ते माझे काका नाहीत?"

"नाहीत," उएझुबाई हळूच म्हणाल्या. "हे तुमचे वडील आहेत."

युकिएच्या हातातला चहा सांडला. आईचा हात मात्र केव्हाच त्या पेटीवर गेला होता. नवऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

मोरिओ तिच्याकडे वळला.

"आई, जन्मभर मी ज्यांना बाबा म्हटलं, ते कोण होते? गुहेतून परत आला तो भाऊ कोणता? उत्तर दे."