तुळसाबाईचं नाक

“तोंड उघड,” तुळसाबाई मुलाला म्हणाली.

प्रफुल्लनं उघडलं. तिनं वास घेतला आणि मान फिरवली. गोडसर, आंबूस वास. मोहाचीच दारू.

“मी नाई घेतली वं माय,” तो म्हणाला. सगळेच असं म्हणायचे.

घाटंजीजवळच्या या गावात दारूबंदी बायकांनी आणली होती आणि टिकवलीही त्यांनीच. संध्याकाळी समितीच्या बाया फाट्यावर बसत आणि गावात शिरणाऱ्या प्रत्येक बाप्याचं तोंड हुंगत. तुळसाबाई अध्यक्ष. तिच्या नाकाचा दरारा असा, की लोक लवंगा चघळून येत आणि तरी पकडले जात. सापडलेल्यानं दुसऱ्या दिवशी विहारात सगळ्यांसमोर उभं राहून पंचशील म्हणायचं. आज घरचाच सापडला होता. त्याला सोडलं, तर उद्या तिच्यापुढं तोंड कोण उघडणार?

संशय तिला बरेच दिवस होता. पोरगा वाळत चालला होता. रात्री सारखा उठून बाहेर जायचा आणि आल्यावर तांब्यावर तांबे पाणी ढोसायचा. एकदा ती त्याच्या मागे गेली. तो खरंच लघवीला बसला होता. आपली चाहूल लागली असणार, असं तिला वाटलं. तिनं गाडीची डिकी तपासली, गुरांच्या कुटाराचा ढीग उपसला. काहीच मिळालं नाही, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. पोरगा मुरलेला होता.

सकाळी प्रफुल्ल विहारात उभा राहिला. दुसऱ्या शीलालाच त्याची जीभ अडखळली. तो धापा टाकत होता. अजून उतरली नाही, बाया कुजबुजल्या. तुळसाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो कोसळला आणि काही केल्या उठेना.

तालुक्याच्या दवाखान्यात प्राची नावाच्या डॉक्टरनंही आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासला आणि एकदम धावपळ सुरू झाली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. पोरगा वाचेल, म्हणाली.

“पण दारू पेला हाय ना तो?” तुळसाबाईनं विचारलं.

“थेंबभरही नाही. त्याला साखरेचा आजार आहे. इन्सुलिन नसलं की शरीराला रक्तातली साखर वापरता येत नाही. मग ते आपलीच चरबी जाळतं. त्यातून जे तयार होतं, त्याचा हा वास. दारूचाच वाटतो.”

तुळसाबाई रडली. पोर जगणार होतं, प्यायलेलंही नव्हतं. तिला दुसरं काही नको होतं.

घरात आधी कुणाला असं झालं होतं का, वडिलांना वगैरे, डॉक्टरनं विचारलं.

“ते तर दारूनंच गेले,” तुळसाबाई सवयीनं म्हणाली आणि थांबली.

“सोडली म्हणून शपथा घेत होते वो. शेवटच्या राती बाहेरून नुसतं पाणी मागून राह्यलते. मी दारच नाई उघडलं.”